तो चेहरा मी पाहिला आहे

माझ्या कानाचे डॉक्टर पुण्याला बसतात. गेल्या महिन्यात तपासायला गेले तेव्हा त्यांच्याकडे एक माणूस आला होता. कारखान्यात काहीतरी फुटलं आणि त्याचे दोन्ही कान अधू झाले होते. डॉक्टर मला म्हणाले, "बाई, तुम्हीच याला चार शब्द सांगा. माझं त्याला पटत नाही." मी कागदावर लिहिलं, 'सुरुवातीला कानात शिट्टी वाजत राहते. पुढे कमी होते.' त्यानं वाचलं, पेन मागितलं आणि खाली लिहिलं, 'किती कमी?'

खरं उत्तर त्या कागदावर मावणारं नव्हतं. घरी आल्यावर लिहायला बसले, ते हे.

मी आणि माझा बोर्ड

माझं नाव नलिनी. पिंपरीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत मी टेलिफोन ऑपरेटर होते. नोकरी अजून आहे, टेलिफोन माझ्याकडे नाही. आम्ही पिंपळे गुरवला राहतो. हे मूळचे निघोज्याचे, भोसरीला टर्नर आहेत. घरात मी, हे, आमची उज्ज्वला (ती तेव्हा आठ वर्षांची होती) आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते.

माझा धाकटा भाऊ अशोक लष्करात कारकून आहे. त्याची बदली उत्तरेकडे झाली होती. त्याच्या बायकोचं बाळंतपण तिकडेच झालं, तिच्या माहेरचं कोणी जाण्यासारखं नव्हतं, म्हणून मी महिनाभर रजा काढून गेले. उज्ज्वलाला बरोबर नेणार होते. शाळा बुडेल म्हणून आत्यांनी नेऊ दिलं नाही. त्या वेळी मला त्यांचा राग आला होता.

परतीच्या दिवशी अशोक मला बसस्थानकावर घेऊन आला. तिथून बसनं जंक्शन गाठायचं आणि मग गाडी, असा बेत होता.

पुढचं मला आठवतं ते असं. थंडी होती. बाकडं लोखंडी होतं, बसल्यावर साडीतून गार लागलं. अशोक तिकिटाच्या रांगेत गेला. एक माणूस माझ्याशी बोलला, "बहनजी, जरा थैला देखना." थैला कसला होता, त्यानं तो कुठे ठेवला, मी हो म्हटलं की नुसती मान हलवली, काही आठवत नाही.

नंतर सगळे विचारायचे, आवाज कसा होता? मला आवाज आलाच नाही. एकदम सगळं थांबलं, आणि मग मी जमिनीवर होते. धूर होता. कोणीतरी माझं डोकं आपल्या गुडघ्यावर घेतलं होतं आणि त्याभोवती गमछा गुंडाळत होतं. पुरुष होता. त्याचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

एवढंच. थैल्यात बाँब होता, अशोक लांब रांगेत होता म्हणून वाचला, हे आणि बाकी सगळं मला लोकांनी सांगितलं.

परदा

मी तिथल्या सरकारी इस्पितळात होते. डोक्याला डाव्या कानामागे टाके, पोटरीत काचा आणि पत्र्याचे तुकडे. पण त्याचं मला काही वाटत नव्हतं. डोक्यात शिट्टी वाजत होती. कुकरची शिट्टी थांबते तरी, ही थांबत नव्हती. मला वाटायचं वॉर्डात कुठेतरी वाफ सुटतेय आणि कोणी बंद करत नाहीये.

चौथ्या का पाचव्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर हिंदीत लिहून दाखवलं की डाव्या कानाचा परदा फाटलाय, आतल्या नसेलाही मार बसलाय. मी वाचलं आणि अशोकला म्हटलं, "एवढंच ना? आत्यांकडे मशीन आहे, घरी गेले की शिवून टाकेन."

मी विनोद केला नव्हता. परदा म्हटल्यावर मला खिडकीचाच दिसला होता. अशोकनं माझ्याकडे बघितलं आणि तो उठून बाहेर गेला. तो का गेला ते मला कळेना. डोक्याला मार बसला की असं होतं, पण हे तेव्हा मला कोणी सांगितलं नाही. तुमच्यापैकी कोणाचं असं झालं तर घाबरू नका. ते बऱ्यापैकी जातं.

आणखी दोन दिवसांनी, दूध-पाव खाताना, अचानक कळलं. डावा कान. मी बोर्डावर डाव्या कानानं ऐकते. उजव्या हातानं लिहिते, म्हणून चौदा वर्षं डाव्या कानानं ऐकत आले. पाव हातातच राहिला.

वॉर्डात एक नर्स होती. केरळची असावी. तिचं हिंदी माझ्यापेक्षा कच्चं. डॉक्टर, वॉर्डबॉय, भेटायला येणारे, सगळे डावीकडून यायचे, कारण दार त्या बाजूला होतं. ही एकटी खाटेला वळसा घालून उजवीकडून यायची. तिनं पुठ्ठ्यावर 'दाईं तरफ से बोलिए' असं लिहून खाटेच्या दांडीला अडकवलं. अर्धं डोकं भादरलेलं होतं, उरलेल्या अर्ध्याची ती रोज वेणी घालून द्यायची. एका बाजूला वेणी आणि एका बाजूला टाके. आरसा तिनं कधी दिला नाही.

मला पिशव्यांची भीती बसली होती. कोणीही भेटायला आलं की आधी पिशवी. अशोक डबा आणायचा, तो त्याला दाराशीच उघडून दाखवावा लागे. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीच्या मुलानं एकदा संत्र्यांची जाळी माझ्या खाटेखाली ठेवली, तर मी सलाइनसकट खाली उतरले.

हे तिसऱ्या दिवशी पोचले होते. मला वाटतं त्यांनी एवढा लांबचा प्रवास पहिल्यांदाच केला. आले आणि पांघरूण सारखं करत बसले. एका दुपारी ते बराच वेळ माझ्या डाव्या बाजूला बसून बोलत होते. मला ओठ हलताना दिसले तेव्हा कळलं की ते बोलतायत. मी मान वळवली आणि विचारलं, "काय म्हणालात?"

"काही नाही," ते म्हणाले.

ते काय बोलत होते ते मला आजवर कळलेलं नाही. पुन्हा विचारलं, तर त्यांनाही सांगता येत नाही.

घर

घरी आले तर घर तेच होतं, पण आवाजांना जागा राहिली नव्हती. एका कानानं ऐकलं की आवाज कुठून येतो ते कळत नाही. उज्ज्वला मागून हाक मारायची आणि मी खिडकीकडे बघायची. तिला आधी तो खेळ वाटला. लपून हाक मारायची आणि खिदळायची. आठवड्याभरानं तिनं हाक मारणंच सोडलं. यायची आणि पदर ओढायची. बोलायची नाही. त्या वेळी मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर हे.

शब्दही हरवायचे. उलथनं मागायचं तर तोंडातून 'किल्ली' निघायचं. आमटीत दोनदा मीठ पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. सकाळ की संध्याकाळ हे कळायला मला कंपन्यांचे भोंगे लागायचे, आणि भोंगा झाला की मी भिंत धरायची.

आत्यांनी मला भाजी निवडायला बसवलं. टोपली पुढ्यात ठेवायच्या आणि एकेक उचलून विचारायच्या.

"हे काय हाय?"

"वांगं."

"आन् हे?"

मला यायचं नाही. घेवडा दिसायचा, चव जिभेवर यायची, नाव यायचं नाही. डोळ्यांत पाणी यायचं.

"ऱ्हाऊ दे," आत्या म्हणायच्या. "कुटं पळून चाललाय त्यो? उद्या इचारू."

बघायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. सगळ्यांना माझ्याबद्दल वाईट वाटत होतं, आणि सगळ्यांना ऐकायचंही होतं. एका शेजारणीनं विचारलं, "किती माणसं गेली हो? रक्त किती होतं?" आत्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तुला मोजायला जायाचं हाय का? च्या पी आन् जा घरला." ती गेली. तिनं चहासुद्धा घेतला नाही.

आवक-जावक

अडीच महिन्यांनी कामावर गेले. आमच्या बोर्डावर परांजपेबाई थोरल्या. त्यांनीच मला काम शिकवलं होतं. त्यांनी आधीच हेडफोनची पट्टी फिरवून उजव्या कानासाठी करून ठेवली होती.

मी बसले. दिवा लागला, पिन लावली, "नमस्कार" म्हटलं. पलीकडून आवाज आला आणि त्याच्यावर शिट्टी चढली. नाव ऐकू आलं, आडनाव नाही. त्या पहिल्याच दिवशी मी जनरल मॅनेजरसाहेबांचा दिल्लीचा ट्रंक कॉल कॅन्टीनला जोडून दिला. कॅन्टीनवाल्यानं 'वडे संपले, उपमा आहे' असं सांगून फोन ठेवला. ऑफिसभर हशा झाला, मीसुद्धा हसले. चौथ्या दिवशी असंच पुन्हा झालं तेव्हा कोणी हसलं नाही.

मला आवक-जावकला बसवलं. टपालावर शिक्के मारायचे, वहीत नोंद करायची. काम वाईट नव्हतं. पण चौदा वर्षं या कंपनीत मी म्हणजे एक आवाज होते आणि माझ्यासाठी लोक म्हणजे आवाज होते. कोण आजारी आहे, कोणाचं घरी भांडण झालंय, मला 'हॅलो'वरून कळायचं. आता टपाल घेऊन माणसं समोर यायची आणि मला ती ओळखू यायची नाहीत. चेहऱ्यांची मला सवयच नव्हती.

परांजपेबाई जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन माझ्याकडे यायच्या आणि उजवीकडे बसायच्या. दयेचा एक शब्द बोलल्या नाहीत. बोर्डावरच्या नव्या मुलीच्या चुका सांगायच्या. मला त्या चुका ऐकायला फार बरं वाटायचं. हे काही चांगलं नाही, पण खरं आहे.

फोटो

चारेक महिने झाले असतील. रविवारी सकाळी तिकडचे एक पोलीस अधिकारी आणि इथल्या चौकीचा हवालदार घरी आले. अधिकारी सभ्य होते. हिंदीत हळूहळू, ओठ दिसतील असं बोलत होते. चहा झाल्यावर त्यांनी पाकिटातून एक फोटो काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

तो चेहरा मी पाहिला होता. शंकाच नव्हती. रुंद कपाळ, एक भुवई तुटलेली.

"पहचानती हैं?"

"हां," मी म्हटलं.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "यही आदमी थैला रखकर गया था?"

मी तोंड उघडलं आणि थांबले. थैला सांभाळायला सांगणारा माणूस डोळ्यांसमोर आणला, त्याला हाच चेहरा होता. मग गमछा बांधणारा माणूस आणला. त्यालाही हाच चेहरा होता. कपाळ तेच, भुवई तीच. दोन माणसं आणि चेहरा एक. माझ्या डोक्यात कुठेतरी पिन चुकीच्या भोकात गेली होती आणि ती काढून बघायची सोय नव्हती.

"मैंने इसको देखा है," मी म्हटलं. "कहां, वो मालूम नहीं. या तो थैला इसने रखा, या मेरे सर को कपडा इसने बांधा."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "बहनजी, ये दोनों बातें एक कैसे हो सकती हैं?"

"एक नहीं हैं. एक सच है. कौनसी, मालूम नहीं."

ते यांच्याकडे वळले. आणखी दोघांनी याला ओळखलंय, म्हणाले, फक्त ते दोघे लांब उभे होते. तुमच्या मिसेस जवळ होत्या. त्यांचं सांगणं वजनदार ठरेल.

हे मराठीत मला म्हणाले, "नलू, हो म्हण आणि मोकळी हो."

"नसला तर?"

"पोलिसांनी उगाच धरलाय का?"

मी फोटोकडे पुन्हा बघितलं. तो माणूस कॅमेऱ्याकडे बघत होता, म्हणजे माझ्याकडे. मी म्हटलं, मी सांगितलं ते तसंच लिहा. हवालदार कंटाळून म्हणाला, "ताई, साहेबांना हो किंवा नाही पाहिजे. मधलं कुठे लिहिणार?" शेवटी अधिकाऱ्यांनी लिहिलं. मी तीनदा वाचून सही केली. ते जाताना नमस्कार करून गेले, पण नजरेला नजर दिली नाही.

दार लागल्यावर हे म्हणाले, "ज्यानं तुझा कान घेतला त्याला तू सोडून दिलंस."

"आणि ज्यानं माझं डोकं बांधलं त्याला मी फासावर देऊ?"

"तो कोण होता तुला माहीत तरी आहे का?"

"नाही ना! तेच तर सांगतेय!"

आम्ही एवढ्या मोठ्यानं आजवर कधी बोललो नव्हतो. उज्ज्वला आत्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. आत्या यांना म्हणाल्या, "तिला न्हाई आठवत तर न्हाई आठवत. तू व्हतास का तितं? न्हाई ना? मग गप ऱ्हा."

ते गप्प राहिले. चांगले सहा-सात आठवडे गप्प राहिले. पहिली पाळी असली की माझ्या अंघोळीचं पाणी तापवून ठेवून जायचे, पण बोलायचे नाहीत.

मला त्यांचा राग आला असता तर सोपं झालं असतं. पण मलाच माझी खात्री नव्हती. मी भित्री आहे का? खरं मला आठवतंय आणि मी मागे ढकलतेय का? तिथे मेलेल्या माणसांची घरं आहेत, त्यांना मी काय तोंड दाखवणार? पुण्याच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "आठवण ही काही कपाटात ठेवलेली वस्तू नाही, बाई." ती मग काय आहे, ते त्यांनी सांगितलं नाही.

एका शनिवारी दुपारी मी मुद्दाम पिंपरीच्या बसस्टॉपवर जाऊन बाकावर बसले. वाटलं, तसंच बसलं तर आठवेल. दहा मिनिटांत एका माणसानं शेजारी पिशवी ठेवली आणि तो पलीकडे पान खायला गेला. मी पळाले. एक चप्पल तिथेच राहिली. पुढच्या शनिवारी पुन्हा गेले. त्या वेळी पिशवी ठेवणाऱ्या बाईला मी सरळ विचारलं, "काय आहे हो पिशवीत?" ती म्हणाली, "शेपू हाय. पायजे का?" मी एक जुडी घेतली आणि घरी आले. आठवलं काहीच नाही. पण त्यानंतर मी बसनं कामावर जाऊ लागले.

साक्ष

वर्ष उलटल्यावर समन्स आलं. हे माझ्याबरोबर आले. काय बोल, काय बोलू नको, हे त्यांनी वाटेत एकदाही सांगितलं नाही. गाडीत मला उजवा कान आतल्या बाजूला येईल अशी खिडकीची जागा धरून दिली.

कोर्टात तो माणूस उभा होता. फोटोतल्यापेक्षा वाळलेला, दाढी वाढलेली. भुवई तीच. मी मनाशी ठरवून गेले होते की समोर बघितला की कळेल. आणि मी त्याच्याकडे बघत राहिले, की यानं माझं डोकं बांधलं असेल तर हा मला ओळखेल. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. ती ओळख होती, भीती होती की नुसता थकवा, मला नाही सांगता आलं. त्या दिवशी माझा चेहरा रक्तानं भरलेला होता. तो तरी मला कसा ओळखणार?

मी पोलिसांना सांगितलं होतं तेच सांगितलं, तसे सरकारी वकील चिडले. बायकापोरं मेली तिथे, म्हणाले, आणि तुम्ही एवढंही सांगू शकत नाही? न्यायाधीशांनी त्यांना थांबवलं आणि मला सावकाश विचारलं, "आप किसी से डर रही हैं?"

"डर तो बहुत चीजों से लगता है, साहब," मी म्हटलं. "थैली से लगता है, भोंगे से लगता है. मगर ये मैं डर के मारे नहीं बोल रही. मैंने चेहरा देखा है. काम कौनसा किया, वो याद नहीं."

ते त्यांनी तसंच लिहून घेतलं.

दोन-तीन महिन्यांनी अशोकचं पत्र आलं. पकडलेल्यांपैकी दुसऱ्या दोघांना शिक्षा झाली. हा माणूस पुराव्याअभावी सुटला. अशोकनं लिहिलं होतं, 'तो कोण होता ते इथेही कोणी खात्रीनं सांगत नाही.' हे पत्र यांनी माझ्या उजवीकडे बसून वाचून दाखवलं, घडी करून पाकिटात घातलं आणि विचारलं, "चहा करू?" लग्नाला बारा वर्षं झाली, यांनी कधी चहा केला नव्हता. साखर फार झाली होती. तू बरोबर होतीस असं ते म्हणालेले नाहीत. मीही म्हणत नाही. एखाद्या दिवशी मला वाटतं मी एका निरपराध माणसाला वाचवलं, आणि एखाद्या दिवशी दुसरंच वाटतं. दोन्ही दिवशी डबा भरावा लागतो, कामावर जावं लागतं.

आता मी आवक-जावकची मुख्य आहे. नव्या ऑपरेटर मुलींना आवाज ओळखायला मी शिकवते, परांजपेबाईंनीच तसं मागून घेतलं. उज्ज्वला समोर येऊन उभी राहते आणि मग बोलते, आणि आता भरपूर बोलते. शिट्टी कमी झालीय. किती कमी? इतकी, की कामात असले की ती आहे हे विसरते, आणि विसरले होते हे लक्षात आलं की पुन्हा वाजू लागते.

व्हरांड्यात

कोर्टातल्या त्या दिवसाचं एक सांगायचं मी मागे ठेवलं होतं.

साक्ष झाल्यावर मी बाहेर व्हरांड्यात बसले होते. हे पाणी आणायला गेले. एक बाई येऊन माझ्या डावीकडे बसल्या, पन्नाशीच्या असाव्यात. काहीतरी बोलल्या. मी कानाला हात लावून दाखवला, तशा त्या उठून उजवीकडे आल्या.

"आप उस दिन बेंच पर थीं?"

"मैंने सब अंदर बोल दिया," मी म्हटलं. मला वाटलं, यासुद्धा त्या माणसाबद्दल विचारणार.

"उसका नहीं पूछती. मेरी लडकी थी वहां. सत्रह की थी. आपने देखी?"

इतक्या दिवसांत मला हे कोणी विचारलंच नव्हतं. पोलीस, डॉक्टर, शेजारी, घरचे, सगळ्यांना तो माणूस हवा होता. बाकावर आणखी कोण होतं, हे मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. सवयीनं 'याद नहीं' म्हणायला गेले आणि तोंडातून दुसरंच आलं.

"स्वेटर बुन रही थी?"

त्यांनी माझं मनगट धरलं.

आणि मग ते यायला लागलं. शब्द आधी, चित्र मागून. मोहरीच्या फुलाच्या रंगाची लोकर. मुलगी माझ्या उजवीकडे बसली होती. माझ्या साडीकडे बघून तिनं विचारलं होतं, बंबई से हो? मी म्हटलं, पूना. लोकरीचा गुंडा तिच्या मांडीवरून घसरला आणि घरंगळत पलीकडे चहाच्या गाडीखाली गेला. ती उठायला लागली, पण सुयांवर टाके होते, सुटले असते. मी म्हटलं, तू बैठ, मैं लाती हूं. मी उठले. चहाच्या गाडीपाशी गेले. वाकले.

तिथे मी बोलायची थांबले. मी का वाचले, ते मला तेव्हा, त्या बाईंच्या देखत कळलं. त्यांना माझ्या आधी कळलं असावं. मनगटावरचा हात घट्ट झाला. पण त्यांनी तो काढला नाही.

मग त्यांनी विचारलं, "कितना बुन लिया था?"

"पीठ पूरी थी. आगे का बगल तक आया था."

"हंस रही थी?"

"हां. बोली, भाई का है, वो पहनेगा नहीं, फिर भी बुन रही हूं."

बाई हसल्या. खरंच हसल्या, तोंडाला पदर लावून. "नहीं पहनता था," त्या म्हणाल्या. "उसके हाथ का कुछ नहीं पहनता था."

हे पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि आम्हाला बघून जरा लांबच थांबले. बाईंनी डोळे पुसले, माझ्याजवळ आणखी सरकल्या आणि म्हणाल्या, "फिर से बताइए. शुरू से."

मी शुरू से सांगितलं.